अम्माच्या कार्डावरची वर्षं

बिडी कारखान्याच्या ब्रँचमध्ये खिडकीतून अम्माच्या नावाचा पुकारा झाला, की माझी अक्का पुढे व्हायची. वळलेल्या बिड्यांचं सूप मुन्शीसमोर ठेवायची आणि कार्ड पुढे करायची. कार्डावर नाव अम्माचं, फोटोही अम्माचा. ती पहिल्यांदा अशी पुढे झाली तेव्हा अम्माला जाऊन आठवडाही झाला नव्हता.

मी सहा वर्षांची होते, अक्काचा पदर धरून शेजारी उभी होते. मुन्शी म्हणजे बिड्या तपासून घेणारा माणूस. त्यानं अम्माचं नाव घेतलं तसं मला वाटलं, बिचाऱ्याला कुणी सांगितलंच नसेल. मी म्हणाले, "आमची अम्मा तर मेली की." अक्कानं माझ्या दंडाला असा चिमटा काढला की मी कळवळले. मुन्शीनं मान वर केली नाही. त्याला ठाऊक होतं. रांगेतल्या सगळ्या बायांना ठाऊक होतं. त्यांच्यातल्याही कितीतरी जणी दुसरीच्या नावाला ओ देत होत्या. कुणी मेलेल्या सासूच्या, कुणी जावेच्या, कुणी लग्न होऊन गुलबर्ग्याला गेलेल्या नणंदेच्या. नवं कार्ड काढायचं म्हणजे वर्षानुवर्षं मिनतवाऱ्या, आणि जुनं बंद पडलं की घरातलं काम बंद. म्हणून माणूस गेलं तरी कार्ड जाऊ द्यायचं नाही, ही सोलापूरच्या आमच्या पूर्व भागातली रीतच होती. कारखान्यालाही त्याचं काही वाटत नसे. त्याला वेळेवर बिड्या मिळाल्याशी मतलब.

त्या दिवशी अक्कानं मला एका चिमट्यात गप्प केलं. पुढे मी शिकले, प्राध्यापक झाले, सभांमधून भाषणं ठोकू लागले, आणि मग मला चिमटा काढणारं कुणी उरलं नाही. माझ्या हातून जे झालं ते त्यामुळे झालं, असं म्हणून मी स्वतःची सुटका करून घेऊ शकते. पण तेवढी सोय मला आता नको आहे.

अक्का माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. ती स्वतः नऊ वर्षांची असल्यापासून अम्माच्या मांडीला मांडी लावून बिड्या वळायला बसली, म्हणजे माझा जन्म आणि तिचं कामाला लागणं एकाच वर्षातलं. मी पाळण्यात पडले आणि अम्माचे हात अडकले, म्हणून तिचे हात लागले. तेंदूची पानं ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवायची, पत्र्याच्या मापावर कात्रीनं कापायची, चिमूटभर तंबाखू घालून वळायची, दोरा बांधायचा, तोंड नखानं मुडपायचं. अक्काच्या उजव्या अंगठ्याचं नख पूर्ण वाढलेलं मी आयुष्यात पाहिलं नाही. वडील यंत्रमागावर होते. मागाच्या खडखडाटानं त्यांचे कान लवकर गेले आणि घरात बोलणंही कमी झालं. अम्मा गेल्यावर घर चाललं ते अक्काच्या सुपावर.

मला मात्र तिनं सुपाला हात लावू दिला नाही. मी कौतुकानं एखादं पान उचललं तरी हातावर फटका. "तू पुस्तक धर," एवढंच म्हणायची. आमच्या तेलुगूत धाकट्या बहिणीला चेल्ली म्हणतात. गल्लीतल्या बाया तिला चिडवायच्या, "काय गं, चेल्लीला कलेक्टर करतीस व्हय?" ती हसायची आणि वळत राहायची. लग्न झालं ते दोन गल्ल्या पलीकडे, आणि लग्नानंतरही अम्माचं कार्ड तिच्याबरोबर गेलं.

कॉलेजात असताना मी युनियनच्या अभ्यासवर्गाला जाऊ लागले. कळकट भिंतींची खोली, लाल झेंडा, कपबशीतला कडक चहा आणि समोर बसलेले माग कामगार. वरकड मूल्य, म्हणजे कामगाराच्या घामातलं जे मालक मजुरी न देता ठेवून घेतो ते, मला तिथं पहिल्यांदा समजलं, आणि समजलं त्याच क्षणी मला मुन्शीची छाट आठवली. छाट म्हणजे नापास बिड्या. ही जाड, ही बारीक, ही फाटकी, असं म्हणत मुन्शी मूठमूठ बिड्या बाजूला काढायचा. त्यांची मजुरी मिळायची नाही. पण त्या परतही द्यायचा नाही, मोडायचाही नाही. त्या पुढे विकल्या जायच्या. मी धावतपळत घरी गेले आणि अक्काला सांगितलं, "अक्का, तुझं शोषण होतंय!"

"व्हय?" ती म्हणाली. "मग तेवढा दोरा कातरून दे जरा."

मला तेव्हा तिचा राग आला होता. हिला काही कळत नाही, हिच्यात जाणीव नाही, असं मी पुढे कितीतरी वर्षं मित्रमैत्रिणींना सांगत असे, आणि वर हसतही असे. आठवलं की स्वतःच्या कानाखाली वाजवावीशी वाटते.

पुढे इतिहास शिकवू लागले. माझा विषय इंग्रजी अमदानीतल्या गिरण्या. विलायतेच्या कापडानं हातमाग मोडले, तेलंगणातून विणकर सोलापुरात आले, आमचे पणजोबाही त्यांच्यातच. आजोबा गिरणीत बदलीवाले. बदलीवाला म्हणजे नेहमीचा कामगार आला नाही की त्याच्या तिकिटावर पाळी करणारा माणूस. तो दिवसभर राबायचा दुसऱ्याच्या नावानं. हजेरीपुस्तकात तो कुठेच नसायचा. मी वर्गात घसा फुटेस्तोवर सांगायचे, "साहेबाच्या वहीत जो नाही तो इतिहासातही नाही, असं समजू नका. गोरा साहेब गेला, मालक आपलेच आले, पण वही तीच राहिली. ती वही खोटी आहे. खरं आहे ते कामगाराच्या तोंडी." सोलापूरनं इंग्रजांचा लष्करी कायदा भोगला याचा मुलांना फार अभिमान. मी विचारायचे, "त्या वेळी रस्त्यावर आलेल्या गिरणी कामगारांतले बदलीवाले कोण होते, सांगा बरं?" मुलं पुस्तकाची पानं उलटत बसायची. मला बरं वाटायचं. आपण फार मोठं काहीतरी विचारतोय असं वाटायचं.

आता खरी गोष्ट. आधार आलं आणि दुसरीच्या नावाला ओ देणाऱ्या सगळ्या बाया धास्तावल्या. फंड, पेन्शन, दवाखाना, सगळ्याला आधार लागायला लागलं. आधारवर बाईचं स्वतःचं नाव, कार्डावर भलतंच. शिवाय वळून वळून बोटं इतकी गुळगुळीत झालेली, की यंत्राला अंगठ्याच्या रेषाच सापडेनात. अक्का तीनदा जाऊन परत आली.

युनियनच्या एक ताई होत्या, वयानं माझ्याएवढ्याच, पण माझ्यासारख्या बोलघेवड्या नव्हेत. त्यांनी वाट काढली. ब्रँचच्या मॅनेजरनं लेटरहेडवर लिहून द्यायचं की अमुक नाव आणि तमुक नाव ही एकच बाई आहे. बस्स. एक ओळ आणि सही. त्या ओळीवर बाईची सगळी वर्षं तिच्या पदरात पडत होती. मॅनेजरही तयार होता. कुणाचं कार्ड कुणाच्या हातात आहे हे कारखान्याला पहिल्यापासून ठाऊक होतं, ते बाहेर यायला त्यालाही नको होतं. एकेकीचं पत्र होत गेलं. अक्काचं पत्र टाइप होऊन टेबलावर आलं, सही तेवढी राहिली. तिचं वय झालं होतं, गुडघे गेले होते. त्या सहीनंतर ती सूप खाली ठेवणार होती. नऊ वर्षांची असल्यापासून पहिल्यांदा.

हे मला माहीत नव्हतं असं मी म्हणू शकत नाही. ताईंनी मला फोनवर सांगितलं होतं. मी कुठल्याशा चर्चासत्राला निघाले होते, गाडी खाली उभी होती. "हो का, वा, छान झालं," असं म्हणून मी फोन ठेवला. लक्ष कुणाचं होतं!

त्याच दिवसांत एका नियतकालिकानं कामगारदिनाच्या विशेषांकासाठी माझ्याकडे लेख मागितला. मी म्हटलं, गिरण्यांवर पुष्कळ लिहून झालं, आता बिडीवर लिहू, आणि घरातलंच लिहू. दोन दुपारी अक्काच्या अंगणात जाऊन बसले. तिनं सगळं सांगितलं, मागेपुढे न बघता. मी तिची बहीण, माझ्यापासून काय लपवायचं? अम्माचं दुखणं, नववं वर्ष, पहिल्या दिवशी बोटाला गेलेली कात्री, अम्माच्या नावाला दिलेली पहिली ओ. मी भराभरा लिहून घेत होते. मध्येच तिनं विचारलं, "छापणार हाईस काय?"

"हो."

"माझं नाव घालू नको हां."

नाही घातलं. शब्द पाळला मी. माझं मात्र घातलं, फोटोसकट. आणि लेखाची सुरुवात अशी केली: माझी आई मरून अर्धशतक झालं, पण कारखान्याच्या वहीत ती आजही बिड्या वळते आहे. तिच्या नावाला ओ देणारी बाई माझी सख्खी बहीण आहे.

त्या दोन वाक्यांवर मी इतकी खूश होते की काय सांगू! स्टाफरूममध्ये वाचून दाखवली. दोघीतिघींच्या डोळ्यांत पाणी आलं. लेख गाजला. बाहेरगावाहून फोन आले, एका पुस्तकात घ्यायचं ठरलं, एका परिषदेला बोलावणं आलं. एकालाही, म्हणजे मला स्वतःलाही, असं सुचलं नाही की सोलापुरात माझी सख्खी बहीण एकच आहे, हे पूर्व भागातलं शेंबडं पोरही सांगेल.

महिन्याभरानं ताईंचा फोन आला. आवाज नेहमीसारखाच शांत. "मॅडम, तुमचा लेख मॅनेजरच्या टेबलावर आहे." लेखात मी कारखान्यांना झोडपून काढलं होतं, त्याचा राग वर कुठेतरी गेला असणार. मॅनेजरनं अक्काला बोलावून घेतलं, अंक उघडून दाखवला. तिला वाचता येत नाही म्हणून पहिली दोन वाक्यं स्वतः वाचून दाखवली. आणि म्हणाला, "बाई, तुमच्या प्राध्यापक बहिणीनंच लिहिलंय की बाया दोन आहेत. एक मेलेली, एक जिवंत. आता मी एकच आहे म्हणून सही कशी करू?"

युनियनच्या वकिलांनी उपाय सांगितला. मी एक कागद लिहून द्यायचा: सदर लेखातील माझ्या कुटुंबाविषयीचा मजकूर काल्पनिक आहे. एवढंच. मॅनेजरला आपल्या बचावाला एक कागद हवा होता, तो मिळाला की तो सही करणार होता, तसं त्यानं तोंडी कबूलही केलं होतं. वकील पेन पुढे करून बसले होते.

मी म्हणाले, "मला विचार करायला वेळ हवा."

कसला विचार? मी तेव्हा स्वतःला जी कारणं दिली ती आजही तोंडपाठ आहेत. आयुष्यभर मी शिकवलं की वही खोटी आणि कामगाराची साक्ष खरी. तीच साक्ष मी काल्पनिक म्हणून लिहून देऊ? उद्या विरोधातले लोक म्हणतील, बघा, हे डावे गोष्टी रचतात. लहान पोरींना कामाला बसवलं जात होतं याचा एक पुरावा मी आपल्या हातानं पुसू? ऐकायला किती भारदस्त आहे हे सगळं! आणि त्यातलं निम्मं खरंही होतं. उरलेलं निम्मं असं, की लेख पुस्तकात येणार होता, परिषद पुढच्या महिन्यात होती, आणि मला तोंडघशी पडायचं नव्हतं. हे उरलेलं निम्मं मी कुणाला सांगितलं नाही. आता सांगते आहे.

तरी मी अक्काकडे गेले. ती अंगणात वळत बसली होती. तिनं एकदाच म्हटलं, मान खाली घालूनच. "लिवून दे की, चेल्ली. एक कागद तर हाय."

मी तिच्यासमोर बसून भाषण दिलं. दुसरा शब्द नाही त्याला. म्हणाले, हा एकट्या तुझा प्रश्न नाही, हजारो बायांचा आहे. खोट्यावर मिळवलेला हक्क टिकत नाही. आपण खरं बोलून लढू, मोर्चा काढू, कारखान्यालाच जाब विचारू, की इतकी वर्षं तुम्ही मेलेल्या बाईच्या नावावर काम कसं घेतलंत?

तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "हजार बायांचं झालं की पत्र. माझंच ऱ्हायलंय."

मी आणखी बोलले. काय बोलले ते आठवत नाही, पण बराच वेळ बोलले. शेवटी ती "बरं" म्हणाली. तिनं पुन्हा कधीही तो विषय काढला नाही.

मोर्चा काढला आम्ही. फलक माझ्या हातात, घोषणा माझ्या तोंडी. अक्का आली नाही, तिची पानं भिजलेली होती, वाळून गेली असती. ताई मात्र आल्या, माझ्या शेजारून चालल्या आणि माझ्याशी एक शब्द बोलल्या नाहीत. अर्ज झाले, सुनावणी झाली, तारखा पडल्या. निकाल साधा होता. कार्डधारक बाई मयत, सबब कार्ड बंद. अर्जदार बाईचं नाव कारखान्याच्या वहीत नाही, सबब तिचा दावा नाही. अम्मा मेलेली म्हणून ती वर्षं अम्माची नाहीत, अक्का वहीत नाही म्हणून अक्काची नाहीत. मग गेली कुणाकडे? बिड्या तर वळल्या गेल्या होत्या, विकल्या गेल्या होत्या, ओढल्याही गेल्या होत्या. मी त्यावरही एक लेख लिहिला. मालकवर्ग, राज्ययंत्रणा, सगळ्यांना धारेवर धरलं. फक्त एका माणसाला सोडलं. मालकाला जे पन्नास वर्षांत जमलं नसतं ते मी दोन वाक्यांत करून दिलं होतं, हे त्या लेखात नव्हतं.

अक्का त्यानंतर मुलाकडे कुंभारीला राहायला गेली, कामगारांच्या वसाहतीत. सुनेच्या कार्डावर वळू लागली. मी महिन्यातून एकदा जायचे. ती माझं कधी वाईट बोलली नाही, जेवल्याशिवाय सोडलं नाही. पण पूर्वी ती मला सगळं सांगायची: शेजारणीची भांडणं, नातीचे मार्क, नव्या मुन्शीच्या नकला. ते सांगणं बंद झालं. कशी आहेस म्हटलं की, "बरी हाय." गुडघा कसा आहे? "हाय तसाच." मी चिडायचे, मुद्दाम खोदून विचारायचे. ती माझ्याकडे बघायची आणि पदरानं तोंड पुसायची. मला कळायचं. मला काही सांगितलं तर ते छापून येतं, हे तिला कळून चुकलं होतं.

मी निवृत्त झाले. परिषदा संपल्या, फोन थांबले. घरात बसलं की मनाला दुसरं काही काम नसतं. तो भारदस्त निम्मा भाग दिवसेंदिवस हलका होत गेला आणि उरलेला निम्मा छातीवर बसला. अक्का माझी आई होती, बहीण होती, माझ्या शाळेची फी होती, आणि मी तिला एक ओळ लिहून दिली नाही.

गेल्या हिवाळ्यात ताई रस्त्यात भेटल्या. मोर्चानंतर पहिल्यांदाच आपणहून बोलल्या. "फेरअर्ज करता येईल, मॅडम. तुमचं ते पत्र असेल तर. पण महिनाअखेरीच्या आत." मी तिथल्या तिथे "देते" म्हणाले. त्याच दुपारी स्टँपपेपर आणला. सदर लेखातील माझ्या कुटुंबाविषयीचा मजकूर पूर्णतः काल्पनिक असून तो मी मनाने रचलेला आहे. झटक्यात सही केली. वाटलं, एवढंच होतं होय! एवढ्यासाठी इतकी वर्षं घालवली!

दुसऱ्या दिवशी सकाळीच बस धरून कुंभारी गाठली. अक्का उंबऱ्यात ऊन घेत वळत बसली होती. अर्जावर तिचा अंगठा लागणार होता. मी कागद तिच्यापुढे धरला, सगळं समजावून सांगितलं, माफी मागितली. मला वाटत होतं ती रडेल, किंवा मला दोन शिव्या देईल. दोन्हींची तयारी करून गेले होते.

"वाच," ती म्हणाली.

मी वाचलं.

"ते मगाचं परत वाच. काल्पनिक. म्हंजे काय?"

"म्हणजे... मनानं रचलेलं. घडलेलं नाही असं."

तिनं हातातली बिडी पुरी केली, दोरा तोडला, सूप बाजूला सरकवलं. "म्हंजे अम्मा मेली न्हाय. मी नऊ वर्साची बसले न्हाय. तू शाळा शिकलीस ती माझ्या बिड्यांवर न्हाय."

"कागदावर गं, अक्का. नुसतं कागदावर."

"मग माझं कागदावर दुसरं काय हाय?" तिचा आवाज चढला. असा चढलेला मी अम्मा गेल्यापासून ऐकला नव्हता. "वहीत अम्मा. कार्डावर अम्मा. आता सूनबाईच्या कार्डावर सूनबाई. तुझ्या त्या पुस्तकात तेवढी मी हाय. नाव न्हाय, पर मीच हाय की ती. नातीनं वाचून दाखवलं मला, दोनदा. नऊ वर्साची पोर म्हणून लिवलंयस, बोटाला कात्री गेली ते लिवलंयस. दुसरं कुटं हाय ते?"

"पण पेन्शन मिळेल, अक्का. काम सोडता येईल तुला. तूच म्हणाली होतीस की, लिहून दे."

"म्हणले होते. तवा मला ते पाहिजे होतं. तवा लिवलं असतंस तर डोळे झाकून अंगठा दिला असता, मला काय कळत होतं तू काय छापलंस ते." तिला धाप लागली होती. मग माझ्याकडे सरळ बघत म्हणाली, "तवा तुझ्या खऱ्यापायी माझी वर्सं गेली. आता तुझ्या खोट्यापायी परत घालवू व्हय?"

मी खूप विनवलं. सुनेला मध्ये घातलं, संध्याकाळी ताईंना फोन लावून दिला. तिनं अंगठा दिला नाही. महिना संपला, मुदतही संपली. तो स्टँपपेपर माझ्याकडेच आहे, माझ्या सहीचा. आणि अक्का वळतेच आहे, सुनेच्या कार्डावर.